चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला



ह्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत थोर थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आंतरजालावरील लिलावात विकलेली छंदाची वस्तू घेणाऱ्याच्या घरी थोडक्या खर्चात कशी पोचवावी, एवढाच तो विषय आहे. टपालतिकिटे, नाणी, काड्यापेटीवरची चित्रे, जुने दिवाळी अंक, ध्वनिमुद्रिका, खेळण्यातल्या मोटारी आणि आगगाड्या जमवणारी माणसे गावोगाव असतात. ह्या मंडपातही ती बसलेली असतील. त्यांना हा विषय किरकोळ वाटणार नाही; कारण ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ह्या म्हणीचा अनुभव त्यांना दर आठवड्याला येत असतो. तीस रुपयांची तिकिटे विकली जातात आणि ती पाठवायला पंचावन्न रुपये लागतात. अशा वेळी विकणारा आणि घेणारा दोघेही मनातल्या मनात म्हणतात, जाऊ द्या! हे ‘जाऊ द्या’ पुरेसे वेळा म्हटले गेले, की छंद हा केवळ श्रीमंतांचा खेळ उरतो. आमच्या मते ह्या विषयातले खरे मर्म हेच आहे.

लिलावाची ही नवी पेठ कशी उभी राहिली, ते प्रथम पाहू. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार ह्या तरुणाने आंतरजालावर एक लिलावघर उघडले. पुढे ते ‘ईबे’ ह्या नावाने जगभर गाजले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जिचा उल्लेख होतो, ती होती एक मोडका लेझर निर्देशक! तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. मोडक्या वस्तूलाही कोठे तरी गिऱ्हाईक असते, फक्त त्या दोघांची गाठ पडायला हवी, हे ह्या घटनेने सिद्ध झाले. आपल्याकडे ‘बाझी’ नावाचे लिलावस्थळ ह्या कंपनीने २००४ साली विकत घेतले. २०१७ मध्ये तो कारभार ‘फ्लिपकार्ट’कडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते दुकान बंद झाले. परंतु दुकान बंद झाले म्हणून बाजार उठला नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपच्या आणि फेसबुकच्या गटांत जाऊन बसला. रात्री नऊला तिकिटांचे चित्र टाकायचे, दहापर्यंत बोली घ्यायची, आणि शेवटी लिहायचे : ‘टपालखर्च वेगळा’. ह्या दोन शब्दांतच सगळी मेख आहे.

कारण गाठ घालून देण्याचे काम आता फुकट होते. माल पोचवण्याचे काम मात्र फुकट होत नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातील निवृत्त शिक्षकाला गुवाहाटीचा गिऱ्हाईक क्षणात भेटतो. पण त्याच्यापर्यंत ते पाकीट कोणाच्या तरी पायांनी, कोणाच्या तरी सायकलीवरूनच जायचे असते.

ह्या पोचवण्याचा खर्च मुळात कशाचा असतो? ह्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. १८३७ साली इंग्लंडमध्ये रोलंड हिल ह्यांनी टपालसुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. त्या काळी पत्राचे टपाल अंतरावर आकारीत. हिलसाहेबांनी हिशेब केला, तेव्हा असे आढळले की लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा भागच होता! मग पैसा जातो कोठे? तो जातो पत्र घेण्यात, नोंदण्यात, निवडण्यात आणि दारोदार वाटण्यात. म्हणजे खर्च अंतराचा नसून हाताळणीचा असतो. ह्या विचारातून १८४० साली एका पेनीचे सरसकट टपाल सुरू झाले. आपल्या देशात १८५४ साली, डलहौसीच्या अमदानीत, तेच तत्त्व आले. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला! १८७७ मध्ये व्ही. पी. पद्धत आली आणि माल दारी आल्यावर पैसे देण्याची सोय झाली. मराठी ग्रंथप्रकाशकांनी खेड्यापाड्यांतील वाचकांपर्यंत पुस्तके नेली, ती ह्याच व्ही. पी. च्या खांद्यावरून.

हिलसाहेबांचा तो जुना हिशेब आजच्या विक्रेत्याने पाठ करून ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक पुडके म्हणजे एक स्वतंत्र हाताळणी. म्हणून दोन पुडक्यांचे एक केले, की खर्च जवळजवळ निम्मा होतो. ह्या एका सूत्रात काटकसरीचे अर्धे शास्त्र आले. उरलेले अर्धे तीन गोष्टींत आहे : वजन, आकारमान आणि खात्री.

पहिल्याने खात्रीचा विचार करू; कारण अलीकडे सर्वांत मोठा बदल तेथेच झाला. साध्या टपालाने पाकीट टाकले तर ते स्वस्त पडते. २० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला ५ रुपये, हा दर कित्येक वर्षे चालत आला. पण पाकीट टाकल्याचा पुरावा कोणता? पूर्वी ‘यू. पी. सी.’ म्हणजे टपालात टाकल्याचा दाखला थोडक्या पैशांत मिळे. तो २०११ साली बंद झाला. मग आधार राहिला रजिस्टरचा. नोंदणीचे १७ रुपये आणि वर टपालाचे, एवढ्यात नोंद, सही आणि पोच हे सारे साधत असे. तिकिटे जमवणाऱ्यांचा अर्धा व्यवहार ह्या रजिस्टरवर चाले. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. त्या दरपत्रकाप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी, मग ते गाव कितीही दूर असो, ४७ रुपये. त्यावर १८ टक्के कर. म्हणजे बाहेरगावच्या पाकिटाला ५५ रुपये ४६ पैसे झाले. ‘ज्याच्या नावे त्याच्याच हाती’ अशी नोंदणी हवी असेल तर आणखी ५ रुपये आणि त्यावरचा कर.

टपालखात्याला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. स्पीड पोस्टाचे पाकीट लवकर पोचते, त्याचा मागोवा घेता येतो, ही सोय खरीच आहे. परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या तिकिटाला लवकर पोचण्याची घाई नसते! ते आठ दिवसांनी पोचले तरी त्याचे काही बिघडत नाही. त्याला हवी असते खात्री, आणि मिळते घाई. आणि घाईचे पैसे मात्र त्यालाच भरावे लागतात.

आता ह्या परिस्थितीत विक्रेत्याने काय करावे? तर बोली संपली की लगेच पाकीट टाकण्याची उतावळी करू नये. गिऱ्हाइकाला सांगावे, ‘आपले पाकीट महिनाभर राखून ठेवतो; आणखी काही घेतलेत तर एकत्रच पाठवू.’ हिशेब पाहा. एका गिऱ्हाइकाने सहा वेळा घेतलेली तिकिटे सहा पाकिटांनी पाठवली, तर ३३२ रुपये ७६ पैसे पडतात. तीच एका पाकिटात ५० ग्रॅमच्या आत बसवली, तर ५५ रुपये ४६ पैसे. जरा वजन वाढून पाकीट ५० ग्रॅमच्या वर गेले, तरी २५० ग्रॅमपर्यंत, दोनशे ते पाचशे किलोमीटरच्या टप्प्यात, ६३ रुपये आणि कर, म्हणजे ७४ रुपये ३४ पैसे. पोस्टाची पायरी सोडून नुसत्या धीराने अडीचशेवर रुपये वाचले.

वजनाच्या बाबतीत आमचे सांगणे असे की, घरी एक लहान काटा ठेवावा. स्वयंपाकघरातला चालतो. नेहमीच्या छपाईच्या ए-चार कागदाचा एक ताव ५ ग्रॅम भरतो, एवढे ध्यानात असले तरी पुष्कळ अंदाज बांधता येतो. पुष्कळ विक्रेते प्रेमापोटी तिकिटांभोवती चार-चार पुठ्ठे गुंडाळतात आणि ५२ ग्रॅमचे पाकीट घेऊन खिडकीशी उभे राहतात. दोन ग्रॅमच्या पायी पुढच्या टप्प्याचा दर भरायचा! दरपत्रकाच्या ह्या पायऱ्या असतात, उतार नसतो. म्हणून पायरीच्या अलीकडे थांबायला शिकले पाहिजे.

आकारमानाची गोष्ट जड वस्तूंपेक्षा हलक्या वस्तूंना अधिक लागू पडते. पुष्कळ कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५००० ने भागतात. येईल ते किलो. खरे वजन आणि हे मानलेले वजन, ह्यांत जे जास्त त्यावर आकार घेतात. समजा, खेळण्यातली एक आगगाडी आहे. वजन अवघे ८०० ग्रॅम. पण घरात सापडलेल्या ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरच्या खोक्यात ती घातली. गुणाकार झाला तीस हजार, म्हणजे सहा किलो! तीच गाडी ३० बाय २० बाय १० च्या खोक्यात नीट बसली, तर होतात सव्वा किलोच्याही आत. पहिल्या खोक्यात आपण गाडी पाठवीत नसून हवा पाठवीत असतो, आणि हवेचे भाडे गिऱ्हाईक देत असतो.

परंतु काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. वस्तू मोडून पोचली तर सगळाच खर्च पाण्यात गेला. बांधणीचा एकच नियम सांगतो : आत काहीही हलता कामा नये. खोके बंद करून कानाशी हलवून पाहावे. आवाज आला तर पुन्हा उघडावे. नाणे पुठ्ठ्यात खाच करून बसवावे, नाही तर ते पाकीट फाडून वाटेतच उतरते. ध्वनिमुद्रिका आतल्या कागदी पाकिटासह बाहेरच्या वेष्टनातून काढून वेष्टनाच्या मागे ठेवावी. आत ठेवली तर धक्क्याने वेष्टनाची कड उसवते. तिकिटांना आणि जुन्या पाकिटांना चिकटपट्टीचा स्पर्शही होऊ देऊ नये. जून ते सप्टेंबरपर्यंत तर आत एक प्लॅस्टिकची पिशवी हवीच. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस पत्ता वाचून पडत नाही. ह्या कशालाही फारसा पैसा लागत नाही. जुने पुठ्ठे, वर्तमानपत्राचे बोळे आणि थोडी माया, एवढे भांडवल पुरते.

पुस्तकांच्या बाबतीत एक दिलासा आहे. छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त नोंदणीची जुनी सोय २०२४ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा ग्रंथप्रेमी हळहळले. पण १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही योजना सुरू झाली. तिच्या आरंभीच्या दराप्रमाणे ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. पुडके जमिनीवरून जाते म्हणून सावकाश पोचते. पण त्याचा मागोवा घेता येतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे आणि ते व्यापारी किंवा जाहिरातींचे प्रकाशन नसावे, अशा अटी आहेत. येथेच आमच्या दिवाळी अंकांचे घोडे अडते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा जाहिरातींच्याच आधाराने वाढली, जाहिरातीवाचून दिवाळी अंक म्हणजे तेलावाचून पणती! तेव्हा त्याला ज्ञानाच्या दराने जाता येत नाही. अमेरिकेतही असेच आहे. तेथे १९३८ पासून पुस्तकांना स्वस्त दर आहे, पण जाहिराती असलेली चित्रकथांची मासिके त्यात बसत नाहीत.

आता व्यवहारातल्या सचोटीबद्दल दोन शब्द. टॅन्जिम हुसैन आणि जॉन मॉर्गन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर एक प्रयोग केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध केला. गाण्यांच्या तबकड्या त्यांनी दोन रीतींनी लिलावात मांडल्या. एका रीतीत बोलीची सुरुवात ४ डॉलरपासून आणि टपाल फुकट. दुसरीत सुरुवात एका सेंटपासून आणि टपाल ३ डॉलर ९९ सेंट. हिशेबाने दोन्ही सारखेच. पण दुसऱ्या रीतीने अधिक गिऱ्हाइके जमली आणि विक्रेत्याच्या पदरात अधिक पैसे पडले! माणसाचा डोळा बोलीवर असतो. टपालखर्चाकडे तो कानाडोळा करतो. ह्या दुबळेपणाचा फायदा घेणारे विक्रेते निघालेच. वस्तू स्वस्त आणि टपाल महाग, असा तो कावा असे. कारण त्या काळी लिलावघराचे कमिशन फक्त बोलीवर बसे. शेवटी २०११ साली अमेरिकेत ईबेने टपालाच्या रकमेवरही कमिशन लावले.

ह्यावरून आम्ही एवढेच सांगू की, टपालखर्च हे नफ्याचे साधन करू नये. बोलीच्या आधीच लिहावे : अमुक मार्गाने पाठवू, अमुक खर्च येईल, पुठ्ठ्याचे आणि बांधणीचे अमुक रुपये. साध्या टपालाने पाठवायचे असेल, तर हरवण्याची जोखीम कोणाची, हेही आधीच ठरवावे. वीस रुपयांच्या मालासाठी दोघांनी मिळून ती जोखीम पत्करली, तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते हे, की पैसे स्पीड पोस्टाचे घ्यायचे आणि पाकीट पाच रुपयांच्या तिकिटावर टाकायचे. छंदाची पेठ लहान असते. तेथे पत आणि नाव एकदा गेले की ते कोणत्याही टपालाने परत येत नाही.

परदेशी गिऱ्हाइकाला वस्तू पाठवताना तर अधिक जपले पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या इतर वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आजोबांच्या डब्यातली शिवराई अमेरिकेतल्या मराठी माणसाने कितीही प्रेमाने मागितली, तरी ती येथेच राहिली पाहिजे. वस्तूच्या वयाबद्दल शंका असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. जकातीच्या कागदावर विकलेल्या मालाला ‘भेट’ म्हणणे हेही सरळ असत्य होय. शिवाय परदेशी जकातीचे नियम एका रात्रीत पालटतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने लहान पुडक्यांची जकातमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या टपालखात्याला तिकडची बहुतेक पुडकी घेणे थांबवावे लागले. ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अडली होती. म्हणून परदेशी बोली स्वीकारण्याआधी पोस्टाच्या खिडकीशी चौकशी करणे श्रेयस्कर.

श्रोतेहो, विक्रेत्याने काय करावे ते सांगून झाले. परंतु सारा भार त्याच्या धीरावर आणि काट्यावर टाकून भागणार नाही. अमेरिकेत २०२१ साली ईबेने खेळाडूंच्या चित्रपत्रांसाठी एक खास पाकीट सुरू केले. पाव इंच जाडी, वजन बेताचे, किंमत २० डॉलरपर्यंत. आणि नुसत्या पत्राच्या जवळपासच्या खर्चात त्याचा मागोवाही मिळे. पुढे तिकिटे आणि नाणीही त्यात आली. म्हणजे सावकाश, स्वस्त आणि नोंदलेले असे पाकीट अशक्य नाही. आपल्याकडे पुस्तकांना ज्ञान पोस्ट मिळाले. तसेच पन्नास ग्रॅमच्या आतल्या, बेताच्या किमतीच्या वस्तूंना घाईवाचून खात्री देणारा एखादा दर मिळावा, अशी मागणी छंदमंडळांनी टपालखात्याकडे करायला हवी. एकेकट्याने कुरकुर करण्यापेक्षा मंडळाने एक नीट अर्ज करणे बरे.

ही मागणी कोणासाठी? लाखाचे तिकीट घेणाऱ्याला पंचावन्न रुपयांची क्षिती नाही. पण दहा-दहा रुपयांची तिकिटे घेऊन वही भरणारा शाळकरी मुलगा असतो, आणि निवृत्तीनंतर जुन्या वह्या नव्या हातांत द्याव्यात असे वाटणारा वृद्ध असतो. त्या दोघांच्यामध्ये एक पाकीट आहे. स्वस्त टपालाच्या अभावी त्या वृद्धाच्या वह्या एक दिवस रद्दीत जातील, आणि त्या मुलाला आपण काय गमावले ते कळणारही नाही. अर्ध्या आण्याच्या टपालाने ह्या देशातल्या गरिबाला लेखणी धरण्याचे निमित्त दिले होते. आज तितक्याच स्वस्त पाकिटाने त्याच्या मुलाला जगाची चित्रे वहीत लावता येतील.